अजिंठ्याचा अनाम चित्रकार: आकार कमळाचा, रंग खडकाचा

जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे निघालं की परभणी जिल्ह्यात देवगाव फाटा लागतो. इथून एक रस्ता सेलूकडे वळतो. मराठवाड्याच्या या भागात विहीर खणायला घेतली, की काळी माती संपते, मुरूम संपतो आणि मग लागतो काळा कातळ. सुरुंगाने फुटलेल्या दगडांत एखादा दगड असा निघतो की त्याच्या पोटात पांढरे, चमकणारे खडे असतात. गावात त्याला सरसकट गारगोटी म्हणतात. पोरं ती खिशात घालून घरी आणतात आणि काही दिवसांनी ती अंगणात कुठेतरी पडून राहते.

हाच काळा कातळ वायव्येला अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला आहे. तिथे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी काही चित्रकारांनी या कातळाच्या पोटात बसून चित्रं काढली. त्या चित्रांत सगळीकडे कमळ आहे: हातात, छतावर, तळ्यात, खांबांवर. आणि त्या कमळांची हिरवी पानं ज्या मातकट रंगाने रंगवली, तो रंग खडकातल्या त्याच पोकळ्यांत तयार होतो जिथे हे स्फटिक वाढतात.

कमळ आणि स्फटिक यांचं असं नातं जमवणारा हा कलाकार कोण होता, त्याने रंग कुठून आणले आणि त्याच्या चित्रांचं पुढे काय झालं, ते पाहूया.

हा कलाकार नेमका कोण?

त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. अजिंठ्यात वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर सुमारे तीस लेणी आहेत. ती दोन टप्प्यांत कोरली गेली. पहिला टप्पा इसवी सनापूर्वीचा, सातवाहनांच्या काळातला. ९ आणि १० क्रमांकाची लेणी या टप्प्यातली. दुसरा टप्पा इसवी सनाच्या पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातला. १, २, १६ आणि १७ या लेण्यांमधली प्रसिद्ध चित्रं या दुसऱ्या टप्प्यातली आहेत.

लेण्यांमध्ये शिलालेख आहेत, पण त्यांत नावं आहेत ती दान देणाऱ्यांची. १६ क्रमांकाचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं. २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा लेख आहे. पैसे कोणी दिले ते कळतं, पण ब्रश कोणी धरला ते कळत नाही. जगभरात पोहोचलेला पद्मपाणी कोणी रंगवला, याची नोंद लेण्यात कुठेही नाही.

त्यामुळे या चित्रकारांची ओळख करून घ्यायची तर त्यांच्या कामावरूनच करून घ्यावी लागते: त्यांनी काय काढलं आणि कशाने काढलं यावरून.

खडकाच्या पोटात स्फटिक येतात कुठून?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्रात जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एकावर एक असे अनेक थर साचले. आज दख्खनच्या पठारावर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भागात हा खडक उघडा दिसतो. त्याला बेसॉल्ट म्हणतात. सह्याद्रीचे कडे, वेरूळ-अजिंठ्याचे डोंगर आणि परभणीच्या शेतांखालचा कातळ हे सगळं त्याच कुटुंबातलं.

लाव्हा थंड होताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकून राहिला. भाकरी भाजताना पापुद्र्याखाली हवा धरते, तसंच काहीसं. खडक घट्ट झाल्यावर या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या उरल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत या पोकळ्यांत आलं आणि आतल्या भिंतींवर एकेक थर बसत गेला.

बऱ्याच पोकळ्यांत अगदी बाहेरचा, म्हणजे खडकाला चिकटलेला थर हिरवट असतो. हे सेलाडोनाइट नावाचं मऊ, मातीसारखं खनिज आहे. त्याच्या आत मग क्वार्ट्झ किंवा झिओलाइट गटातले स्फटिक वाढतात. स्टिल्बाइट हे त्यातलं एक, बऱ्याचदा फिकट गुलाबी-केशरी रंगाचं. स्कोलेसाइट सुयांच्या जुडग्यासारखं दिसतं. त्यांच्या सोबतीला अ‍ॅपोफिलाइट सापडतं, कधी पाण्यासारखं स्वच्छ तर कधी हिरवं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत गडद निळ्या रंगाचं कॅव्हनसाइट मिळालं आणि जगभरच्या संग्राहकांना ते गाव माहीत झालं.

महाराष्ट्रातले हे स्फटिक जगातल्या मोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. आपल्याकडे ते एकत्र पाहायचे तर नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' नावाचं खनिज संग्रहालय आहे. विहिरीच्या ढिगाऱ्यावर पडलेला दगड तिथे काचेच्या पेटीत दिवा लावून ठेवलेला दिसतो.

पाच-सहा रंग आणि त्यांचे पत्ते

अजिंठ्याच्या चित्रकाराकडे रंगांच्या डब्या नव्हत्या. त्याची रंगपेटी छोटी होती आणि बहुतेक सगळी आसपासच्या जमिनीतून आलेली होती.

- लाल आणि पिवळा: गेरू आणि पिवळी माती. दोन्हींत लोहाची संयुगं असतात.
- पांढरा: चुना, पांढरी माती आणि जिप्सम.
- काळा: दिव्याची काजळी.
- हिरवा: हिरवी माती, म्हणजे बेसॉल्टमध्ये तयार होणारं तेच हिरवट खनिज.
- निळा: लॅपिस लाझुली, ज्याला संस्कृतात राजावर्त म्हणतात.

यांतला निळा रंग इथला नाही. लॅपिस लाझुलीची जुनी खाण आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये आहे. हा दगड व्यापाऱ्यांबरोबर हजारो किलोमीटर प्रवास करून आला आणि अजिंठ्यात कुटून-घोटून त्याची पूड झाली. पहिल्या टप्प्यातल्या चित्रांत हा निळा दिसत नाही, पाचव्या शतकातल्या चित्रांत तो दिसतो. निळा महाग होता आणि तो जपून वापरावा लागत असणार, हे उघड आहे.

हिरव्याची गोष्ट उलटी आहे. तो पायाखालच्या खडकातलाच. ज्या डोंगरात लेणी कोरली जात होती, त्याच प्रकारच्या खडकातल्या पोकळ्यांत हा रंग तयार होतो. छिन्नीने लेणं कोरणारा आणि ब्रशने ते रंगवणारा, दोघांचं सामान एकाच कातळातून येत होतं असं म्हणायला हरकत नाही.

या रंगांचा एक मोठा गुण म्हणजे ते खनिज आहेत. पाना-फुलांपासून केलेले रंग उजेडाने फिके पडतात, दगडातून आलेले रंग बराच काळ टिकतात. भिंतीवरचा गिलावा जिथे शाबूत आहे, तिथे दीड हजार वर्षांनीही हिरवा हिरवाच दिसतो.

भिंत कशी तयार केली?

अजिंठ्याच्या चित्रांना बऱ्याचदा 'फ्रेस्को' म्हटलं जातं, पण ते बरोबर नाही. फ्रेस्को पद्धतीत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि चुना सुकताना रंग धरून ठेवतो. अजिंठ्यात रंग कोरड्या भिंतीवर लावला आहे.

आधी खडक मुद्दाम खडबडीत ठेवला. त्यावर चिकणमातीचा गिलावा दिला. मातीत भाताचा कोंडा, गवत आणि वनस्पतींचे धागे मिसळले. खेड्यातल्या घराची भिंत लिंपताना शेणमातीत भुसा घालतात, त्यामागेही हाच हेतू असतो: माती सुकताना तडकू नये. या थरावर चुन्याचा पातळ, गुळगुळीत हात दिला. त्यावर रेषेने चित्र आखलं, मग रंग भरला आणि शेवटी पुन्हा रेषा ओढून आकार नक्की केले. रंग भिंतीला चिकटावा म्हणून त्यात सरसासारखा चिकट पदार्थ मिसळलेला असे.

म्हणजे चित्र खडकावर नाही, खडकावरच्या मातीवर आहे. अजिंठ्याचं सगळं सौंदर्य आणि सगळी काळजी या एका गोष्टीत आहे. खडकातून पाणी झिरपलं, मातीने खडक सोडला, की चित्र तिच्याबरोबर खाली येतं.

कमळ कुठे कुठे आहे?

पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराशी डाव्या बाजूला पद्मपाणी उभा आहे. पद्मपाणी म्हणजे ज्याच्या हातात पद्म आहे तो, बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचं एक रूप. त्याच्या उजव्या हातात निळं कमळ आहे. बोटांनी देठ इतका हलका धरला आहे, की फूल आत्ताच तळ्यातून खुडलं असावं असं वाटतं. डोक्यावर रत्नजडित उंच मुकुट, गळ्यात मोत्यांचा सर. मार्गदर्शक बाजूने मंद प्रकाश टाकतात तेव्हा हे मोती उठून दिसतात. म्हणजे एकाच आकृतीत चित्रकाराने रत्नाची चमक आणि फुलाचा नाजूकपणा दोन्ही रंगवलं आहे.

दुसऱ्या लेण्याचं छत पाहायला मान वर करून बराच वेळ उभं राहावं लागतं. तिथे एकात एक बसवलेली वर्तुळं आहेत. त्यांत कमळाच्या वेली, पाकळ्या आणि नक्षी गोल फिरत जाते. वर कापडी छत ताणलंय असा भास होतो, प्रत्यक्षात वर कातळ असतो.

सतराव्या लेण्यात षड्दंत जातकाची कथा आहे. सहा सुळे असलेल्या हत्तीची ही गोष्ट. त्यात कमळांनी भरलेल्या तळ्यात हत्तींचा कळप दिसतो. पानं, कळ्या, अर्धी उमललेली फुलं यांचे बारकावे पाहिले, की चित्रकाराने खरंखुरं तळं पुष्कळ वेळा न्याहाळलं असणार याची खात्री पटते.

कमळ आणि कुमुद एकच का?

सोशल मीडियावर फिरणाऱ्या फोटोंमध्ये ही गल्लत हमखास होते. खऱ्या कमळाचं शास्त्रीय नाव नेलुम्बो न्यूसिफेरा. त्याची मोठी पानं आणि फुलं पाण्याच्या वर उंच उभी राहतात, पान गोल आणि अखंड असतं, फुलाच्या मध्यभागी शॉवरच्या तोंडासारखा बियांचा चपटा घट असतो. त्याची फुलं गुलाबी किंवा पांढरी असतात. निळी नसतात.

मग पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ कोणतं? ते नीलोत्पल, म्हणजे कुमुदाच्या कुळातलं फूल. कुमुदाची पानं पाण्यावर तरंगतात आणि त्यांना एका बाजूला चीर असते. दोन्ही झाडं एकाच तळ्यात सुखाने राहतात, दिसतातही सारखी, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकमेकांची जवळची नातेवाईक नाहीत. प्राचीन कवी आणि चित्रकार मात्र पद्म, उत्पल आणि कुमुद हा फरक चांगला जाणत होते.

मणी आणि पद्म

अवलोकितेश्वराच्या उपासनेत सहा अक्षरांचा एक मंत्र आहे. तिबेटमध्ये तो दगडांवर कोरतात, फिरत्या चक्रांवर लिहितात. त्या मंत्रात 'मणि' आणि 'पद्म' हे दोन शब्द आहेत, म्हणजे रत्न आणि कमळ. बौद्ध परंपरेत चिखलातून वर येऊनही चिखल न लागणारं कमळ निर्मळ मनाचं प्रतीक आहे, तर आरपार स्वच्छ आणि न बदलणारं रत्न करुणेशी आणि बोधीशी जोडलं जातं.

गंमत म्हणजे कमळ आणि स्फटिक यांचा संबंध नुसता प्रतीकांपुरता नाही. कमळाच्या पानावर पाण्याचा थेंब का ठरत नाही? आपल्याकडे 'अळवावरचं पाणी' असं म्हणतात ते याच गुणामुळे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कमळाची पानं तपासली. पानाच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही, तो गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. १९९७ मध्ये त्यांनी यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि 'लोटस इफेक्ट' हा शब्द रूढ झाला. स्वतः स्वच्छ राहणारे भिंतींचे रंग याच तत्त्वावर बनवतात.

अजिंठ्याच्या चित्रकाराला हे माहीत असण्याचं कारण नाही. पण कमळाला चिखल लागत नाही हे त्याने पाहिलं होतं. त्यामागे पानावरचे स्फटिक आहेत, हे समजायला पुढची दीड हजार वर्षं लागली.

नकला जळाल्या, तीही 'स्फटिक महालात'

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि लेणी बाहेरच्या जगाला पुन्हा कळली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करण्याचं काम दिलं. तो वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहिला आणि तैलरंगात मोठमोठ्या नकला करून लंडनला पाठवत राहिला. त्या तिथे क्रिस्टल पॅलेस म्हणजे 'स्फटिक महाल' नावाच्या काचेच्या इमारतीत मांडल्या होत्या. १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि मोजक्या सोडून सगळ्या नकला जळाल्या.

या इमारतीचीही कमळाशी गाठ आहे. ती उभारणारा जोसेफ पॅक्स्टन मूळचा माळी. दक्षिण अमेरिकेतली प्रचंड पानांची एक कुमुदिनी, व्हिक्टोरिया अ‍ॅमेझॉनिका, त्याने इंग्लंडमध्ये वाढवून १८४९ मध्ये फुलवली. तिच्या पानावर त्याने आपल्या लहान मुलीला उभं केलं आणि पान बुडालं नाही. पानाच्या खालच्या बाजूच्या जाड शिरांची रचना पाहून काचेचं हलकं पण मजबूत छप्पर कसं पेलता येईल हे सुचलं, असं त्याने सांगितलं. १८५१ च्या प्रदर्शनासाठी त्याने क्रिस्टल पॅलेस बांधला. अजिंठ्याच्या कमळांची पहिली मोठी नक्कल जळाली ती अशा इमारतीत, जिच्या नावात स्फटिक होता आणि जिच्या रचनेत कुमुदिनीचं पान.

पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेल्या. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि त्यातल्या बऱ्याच जळाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी चित्रकारांनी केलेल्या नकला १९२३ च्या टोकियो भूकंपात गेल्या.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांसारखे तरुण चित्रकार अजिंठ्यात येऊन राहिले. त्यांनी भिंतींसमोर बसून रेषा गिरवली. आधुनिक भारतीय चित्रकलेत अजिंठ्याची वळणदार रेषा परत आली, त्यात या मुक्कामाचा मोठा वाटा आहे.

निजामाचा काळ आणि लाखेचं रोगण

अजिंठा आणि परभणी हे दोन्ही तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी लेण्यांची देखभाल सुरू केली आणि चित्रांवर मोठे सचित्र ग्रंथ काढले. १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी बोलावले गेले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पुन्हा खडकाला बसवला, त्यामुळे बरीच चित्रं वाचली. पण रंगांवर लावलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं-तपकिरी पडत गेलं आणि मूळ रंग त्याखाली झाकले गेले. हा थर हळूहळू उतरवण्याचं काम नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी हाती घेतलं. १९८३ मध्ये अजिंठ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

आजही धोका तोच आहे: पावसाळ्यात झिरपणारं पाणी, वटवाघळं, किडे, आणि माणसांच्या श्वासाने बंद खोलीत वाढणारा दमटपणा. म्हणूनच चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी मर्यादित लोकांना सोडतात, फ्लॅश वापरू देत नाहीत आणि दिवे मंद ठेवतात. आत गेल्यावर 'काही दिसतच नाही' अशी तक्रार अनेक जण करतात. दोन-तीन मिनिटं शांत उभं राहिलं, डोळे अंधाराला सरावले, की आधी पांढरे मोती दिसू लागतात, मग चेहरा आणि शेवटी हातातलं फूल.

जाण्याआधी हे माहीत असू द्या

- लेणी सोमवारी बंद असतात.
- खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात. तिथून पुढे लेण्यांपर्यंत बसने जावं लागतं.
- वेळ कमी असेल तर १, २, १६ आणि १७ ही लेणी चित्रांसाठी आधी पाहावीत.
- भिंतीला हात लावू नये. बोटाचा घाम आणि तेल मातीच्या गिलाव्याला पुरेसं नुकसान करतं.
- लेण्यांच्या वाटेवर स्फटिक विकणारे भेटतात. भडक गुलाबी किंवा जांभळा दगड दिसला तर तो रंगवलेला असू शकतो. आपल्या खडकातले झिओलाइट बहुधा पांढरे किंवा फिकट रंगाचे असतात.

आणि परत येताना देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी एखाद्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर फुटका दगड दिसला, तर तो उचलून पाहावा. पोकळीच्या कडेला, पांढऱ्या स्फटिकांच्या मागे, कधी कधी हिरव्या मातीचा पातळ थर असतो. अजिंठ्याच्या चित्रकाराने कमळाचं पान रंगवलं ते अशाच हिरव्या मातीने.